आईच्या मजुरीचा रकाना

पहिलं बाळ येणार आहे आणि हातात फारसा पैसा नाही, अशा जोडप्याला सल्ला द्यायला सगळेच पुढे असतात. सल्ल्याचा साचा ठरलेला असतो. बाळाला काय काय लागेल त्याची यादी करा. यादीतलं महागडं काढून टाका. पाळणा नातेवाइकांकडून आणा, कपडे थोरल्या जावेच्या मुलाचे वापरा, डायपरऐवजी लंगोट बांधा, दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका, झाली तयारी. यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर चुकीचं नाही. चूक सुरुवातीतच आहे. हा हिशेब बाळाच्या वस्तूंपासून सुरू होतो, आणि ज्या बाईच्या पोटात आणि नंतर अंगावर ते बाळ वाढणार आहे तिचं काम, तिचं जेवण, तिची विश्रांती यांना त्यात रकानाच नसतो. माझं म्हणणं असं, की तुटपुंज्या कमाईच्या घरात पहिल्या बाळाचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे आईची बुडणारी मजुरी. तो लिहिल्याशिवाय केलेली काटकसर शेवटी आईच्याच ताटातून वसूल होते.

लोधिवली-चौकच्या पट्ट्यात हे उघड दिसतं. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचं लोधिवली धीरूभाई अंबानी रुग्णालयामुळे बाहेरच्यांनाही ठाऊक आहे. एका अंगाला रसायनी-पाताळगंगेचे कारखाने, दुसऱ्या अंगाला इर्शाळगड आणि माथेरानच्या डोंगराखालच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, मधे भातखाचरं, फार्महाउसं आणि नव्याने उठणाऱ्या इमारती. इथला तरुण नवरा बऱ्याचदा कंत्राटदाराच्या हाताखाली हेल्पर असतो. एक खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. बायको पावसाळ्यात लावणीला, एरवी फार्महाउसच्या झाडलोटीला किंवा बांधकामावर जाते, नाहीतर शेवळं, करटुली अशी रानभाजी घेऊन रस्त्याच्या कडेला बसते. घर दोघांच्या कमाईवर चालतं. तिच्या कमाईला घरात ‘हातभार’ म्हणतात, पण तेल-मीठ, मोबाइलचा रिचार्ज आणि दुकानदाराची उधारी त्या हातभारातूनच भागते. ती घरी बसली की पहिल्याच आठवड्यात ते कळतं.

आता आकडे मांडू. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. लावणीच्या हंगामात त्याहून जास्त मिळतं, एरवी कमीही मिळतं. पण सरकारने स्वतःच मान्य केलेला दर म्हणून तोच धरू. संघटित क्षेत्रातल्या बाईला 2017 च्या दुरुस्तीनंतर कायदा 26 आठवड्यांची भरपगारी रजा देतो. तेवढीच रजा मजूर बाईला मिळायला हवी असं मानलं आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर होतात 156 दिवस आणि 48,672 रुपये. दुसऱ्या बाजूला बाळाचा खर्च ठेवा. डायपर हा सगळ्यात मोठा उधळा खर्च म्हणून दाखवला जातो. एक डायपर 10 रुपयांचा आणि दिवसाला सहा धरले तरी महिन्याचे 1,800 होतात. लंगोट वापरले तर हा खर्च जवळजवळ संपतोच, आणि लंगोट वापरावेतच. पण डायपर वाचवून महिन्याला 1,800 रुपये राखणाऱ्या सल्ल्याला 26 आठवड्यांत पडणारं 48 हजारांचं भगदाड दिसत नसेल, तर तो सल्ला अर्धवट आहे. आणि असा अर्धवट सल्ला निरुपद्रवी नसतो, कारण ते भगदाड कुणीतरी बुजवतंच. बाई नवव्या महिन्यापर्यंत कामावर जाते, सव्वा महिना पुरा व्हायच्या आत परत उभी राहते, आणि मधल्या काळात सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते जेवते.

याचा परिणाम मोजलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. देशातल्या मागास राज्यांची ही गोष्ट नाही. कारखाने, बंदरं आणि वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या आपल्या राज्याची आहे. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात नेहमीइतका रक्तस्रावही झेपत नाही. तिचं बाळ अडीच किलोच्या आत भरण्याची शक्यता वाढते. असं बाळ लवकर गारठतं, त्याला ओढून दूध पिता येत नाही, आणि त्याला नवजात अतिदक्षता कक्षात ठेवावं लागलं की आईबापांचे पंधरा-पंधरा दिवस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जातात. म्हणजे चौथ्या महिन्यात आईच्या पानातली डाळ वाचवून जे राखलं, त्याच्या कितीतरी पट दहाव्या महिन्यात द्यावं लागतं. निव्वळ पैशांच्या भाषेत बोलायचं तरी आईच्या जेवणावरची काटकसर ही सगळ्यात महाग काटकसर आहे. आणि त्या जेवणाला बाजारातली डब्यातली पावडर लागत नाही. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, शेवग्याचा पाला, अंडी, सुका जवळा, शेंगदाणे-गूळ यातलं सगळं कर्जत-खालापूरच्या आठवडी बाजारात मिळतं. लागतं ते हे, की ते तिच्या ताटात पहिल्यांदा पडावं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घेतली जावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आता सगळं सरकार फुकट देतं, मग खर्च कसला? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण सरकार खरोखरच पुष्कळ देतं आणि अनेक जोडप्यांना ते पुरतं माहीत नसतं. 1 जून 2011 ला सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनही मोफत आहे. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, घरून दवाखान्यात आणि परत घरी सोडायला गाडी, हे सगळं हक्काचं आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी होते. अंगणवाडीतून पोषण आहाराची पाकिटं मिळतात. घरी बाळाला पाहायला आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी येतात. लोधिवलीच्या जोडप्याने तयारीची सुरुवात दुकानातून न करता माता-बाल संरक्षण कार्डापासून करावी, तिसऱ्या महिन्याच्या आत नाव नोंदवावं, हे मी आग्रहाने म्हणेन. ते कार्ड हरवू नये आणि आधारवरचं, बँकेतलं, कार्डावरचं नाव एकच असावं, यासाठी लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीने पहिल्या तीन महिन्यांत घातलेले दोन हेलपाटे पुढचे दहा वाचवतात.

पण मोफत म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. त्याच पाचव्या पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी कुटुंबाच्या खिशातून सरासरी 2,916 रुपये गेल्याची नोंद आहे. कार्यक्रमाच्या नियमाने शून्य असायला हवा त्या जागी हा आकडा आहे. सोनोग्राफी बाहेरून करायला सांगितली जाते, एखादं औषध संपलेलं असतं, गाडी वेळेत येत नाही म्हणून रिक्षा करावी लागते, सोबतच्या माणसाला वडापाववर दोन रात्री काढाव्या लागतात. या आकड्यात बुडालेली मजुरी धरलेली नाही. तपासणीला जाण्याचा प्रत्येक दिवस तिचा एक खाडा असतो आणि नवरा किंवा सासू सोबत गेली तर दोन. शिवाय गाडी मोफत असली तरी ती रस्ता असेल तिथपर्यंतच येते. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीला गेलेल्या माणसांना डोंगर पायी चढावा लागला, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्या डोंगरांतल्या अनेक वाड्यांवरून गरोदर बाईला झोळी करून खाली आणावं लागतं. आषाढात दिवस भरत असतील तर आठवडाभर आधीच खाली चौकला किंवा कर्जतला कुणाकडे तरी राहायला येणं हाच शहाणपणा, आणि त्या आठवड्याचा खर्च कुठल्याही मोफत यादीत नाही.

सरकारच्या रोख मदतीकडे पाहिलं की आईच्या मजुरीचा रकाना तिथेही कोराच आहे, हे ध्यानात येतं. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6,000 रुपये द्यायचे असं लिहिलं आहे. प्रत्यक्ष योजना यायला 2017 उजाडलं, आणि आली ती प्रधानमंत्री मातृ वंदना योजना पहिल्या बाळाला 5,000 रुपये देणारी. उरलेले जननी सुरक्षा योजनेतून मिळतील आणि सरासरी 6,000 होतील, असं समर्थन झालं. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जननी सुरक्षेचे मिळतात 700, तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना. बेरीज होते 5,700. कायद्याने सांगितलेली किमान रक्कमही पुरी होत नाही. याहून गंभीर गोष्ट अशी, की ही रक्कम गोठलेली आहे. कायदा झाला त्या वर्षी, 2013-14 मध्ये, रोजगार हमीचा दर 162 रुपये होता. 6,000 म्हणजे 37 दिवसांची मजुरी झाली असती. 2017-18 मध्ये दर 201 होता. 5,000 म्हणजे पंचवीस दिवस. 312 च्या दराने तेच 5,000 म्हणजे सोळा दिवस. 37 दिवसांचं मोल या दराने राखायचं म्हटलं तरी साडेअकरा हजार लागतात. तमिळनाडूने आपल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत 2011 मध्ये 12,000 आणि 2018 पासून पोषण संचासह 18,000 रुपये देऊन दाखवले. महाराष्ट्राची ऐपत तमिळनाडूपेक्षा कमी आहे, असं कुणी म्हणणार नाही.

रकमेइतकाच प्रश्न वेळेचा. पहिल्या बाळाच्या पाच हजारांपैकी 3,000 नोंदणी आणि तपासणीनंतर मिळतात; 2,000 जन्मनोंद होऊन बाळाचे साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस पुरे झाल्यावर. म्हणजे आठव्या-नवव्या महिन्यात वाकून काम करणं जड होतं तेव्हा, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात, हातात नवा पैसा येतच नाही. हे पैसे बाईने विश्रांती घ्यावी म्हणून आहेत की लसीकरणाचं बक्षीस म्हणून, हे योजना बनवणाऱ्यांनी ठरवायला हवं होतं. मजुरीची भरपाई असेल तर ती मजुरी बुडते त्या महिन्यात, दर महिन्याला मिळाली पाहिजे.

अशी मागणी केली की दुसरा आक्षेप येतो: बाईच्या खात्यात पैसे टाकले तर नवरा काढून घेईल, दारूत जातील, आणि पैशांच्या आशेने लोक पोरं वाढवतील. दुसऱ्या भीतीचं उत्तर आकड्यांत आहे. पाचव्या पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 आहे, लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या 2.1 च्या खाली. मुलं वाढण्याची भीती दाखवून आईची मजुरी अडवून धरण्याचं कारण आता उरलेलं नाही. पहिल्या भीतीत तथ्य आहे, नवरा पैसे काढून घेतो अशी घरं आहेत. पण त्यावर उपाय बाईचं खातं, बाईचा मोबाइल नंबर आणि दर महिन्याची लहान रक्कम हा आहे. रक्कमच कमी ठेवणं हा नाही. नवरे दारू पितात म्हणून पुरुषांची मजुरी कमी करावी, असं कुणी सुचवत नाही.

‘पूर्वी बायका शेतात बाळंत व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायच्या’, हे वाक्य अजून ऐकू येतं, आणि बऱ्याचदा ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्याच तोंडून येतं. तिने सोसलं हे खरं. पण ज्या वाचल्या नाहीत त्या हे वाक्य बोलायला उरल्या नाहीत. महाराष्ट्रात 2004-06 मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 33 वर आला. त्या पंधरा वर्षांत बायकांची हाडं काही बदलली नाहीत. दवाखान्यातली बाळंतपणं, रक्ताची सोय, गाडी आणि आशा आल्या. जुन्या रीतीतलं काय राखायचं याबद्दल मात्र मी वडीलधाऱ्यांच्याच बाजूचा आहे. बाळ यायच्या आधी नवी खरेदी करू नये, ही रीत आजच्या सगळ्या खरेदी-याद्यांपेक्षा शहाणी आहे. जुनं धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं फाडून केलेले लंगोट, दोन-चार झबली, टोपडी, कुंची, चार दुपटी, एक गोधडी, मच्छरदाणी आणि कडक उन्हात वाळवायला दोरी, एवढ्यावर पहिले दोन महिने निभतात. लंगोट रोज उन्हात कडकडीत वाळला पाहिजे. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर दुप्पट लंगोट लागतात, कारण आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात कापड दोन दिवस ओलंच राहतं.

काही गोष्टी मात्र जुन्या असल्या तरी सोडायला हव्यात. पहिलं घट्ट दूध, चीक, पिळून टाकणं, मध चाटवणं, सहा महिन्यांच्या आत पाणी आणि गुटी, बंद खोलीत कोळशाच्या धुरात शेक. यात पैसा वाचत नाही आणि बाळ आजारी पडण्याची वाट मोकळी होते. अंगावरचं दूध हा या सगळ्या हिशेबातला सगळ्यात मोठा बचतीचा भाग आहे, आणि डब्याच्या दुधाची जाहिरात आणि वाटप रोखणारा कायदा 1992 पासून देशात आहे. तरीही महाराष्ट्रात जन्मानंतर पहिल्या तासात जेमतेम निम्म्या बाळांना आईचं दूध मिळतं, असं पाचवी पाहणी सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. ते संशोधन 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं, आणि आज आशाताई ज्या भेटी देतात त्यांचा पाया तिथे आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची कांगारू पद्धत गरीब देशांतूनच पुढे आली. ही सगळी साधनं फुकट आहेत, पण त्यांना एक गोष्ट लागते: आईचा वेळ. तास-तास छातीशी धरायला, रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी पाजायला आई बाळापाशी असावी लागते. विटा वाहणारी बाई हे करू शकत नाही. स्वस्तातल्या बाळंतपणाचे सगळे उत्तम सल्ले आईच्या बुडालेल्या मजुरीवर उभे आहेत, म्हणून ती मजुरी कुणी द्यायची हा प्रश्न टाळता येत नाही.

आजवर तो प्रश्न माहेराने सोडवला. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी न्यायची आणि सव्वा-तीन महिन्यांनी बाळासह पाठवायची. या रिवाजाकडे भावुकपणे पाहण्यापेक्षा हिशेबाने पाहिलं तर तो काय होता ते कळतं. असंघटित बाईला मिळालेली ती एकमेव प्रसूती रजा. घरातली कामं सुटतात, आयतं ताट मिळतं, डिंकाचे-अळिवाचे लाडू मिळतात, आणि बाळंतविडा म्हणून चार नातेवाईक कपडे आणतात, तोही खर्च वाटून घेण्याचाच प्रकार. म्हणून या रिवाजातली विश्रांती मला मोलाची वाटते. पण त्याचं बिल एकट्या मुलीच्या बापाने भरायचं, हे मला मान्य नाही. तीन वर्षांपूर्वी लग्नाचं कर्ज काढलेल्या बापाला आता ओटीभरणाला मंडप, फोटोग्राफर आणि दोनशे माणसांचं जेवण, मग दवाखाना, मग बारशाला जावयाची अंगठी आणि सोन्याचं वळं अशी रांग लागते. ही हुंड्याचीच पुढची फेड आहे. हौस नको का, असं विचारलं जातं. हौस हवीच. पाच बायकांनी घरच्या अंगणात ओटी भरली तरी ती हौसच असते. मंडपाचे पंधरा-वीस हजार त्याच मुलीच्या सहा महिन्यांच्या दूध-अंड्यांना पुरतात, आणि बाळ नवऱ्याचंही आहे हे मान्य असेल तर सासरने माहेरी बाळंतपणाला पाठवताना निम्मा खर्च हातात ठेवून पाठवावं. ज्या मुलीला माहेर नाही, किंवा माहेरी आईच रोज कामाला जाते, तिला तर ही रजा मिळतच नाही. 

खासगी दवाखान्यासाठी पैसे जमवा, तिथे सुरक्षित असतं, या सल्ल्याबद्दल थोडक्यात सांगतो. देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. सरकारी ठिकाणी गरज असून शस्त्रक्रिया न मिळालेल्याही काही असतील. पण निम्म्या बायकांचं पोट फाडावं लागतं, असं निसर्गात घडत नाही. जोखमीचं बाळंतपण असेल तर कुठे न्यायचं हे आधी ठरवून ठेवावं. जोखीम नसेल तर खासगीसाठी व्याजाने पैसे काढू नयेत.

सगळ्यात अवघड प्रकरण वीटभट्टीचं. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली कातकरी जोडपी दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, घरात दाणा नसताना. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि जोडप्याची मिळून ठरते: चिखल मळायचा, साच्याने विटा पाडायच्या, वाळायला लावायच्या, उलटायच्या, रचायच्या. यात बाईची वेगळी मजुरी कुठे लिहिलेलीच नसते. ती गरोदर राहिली आणि तिचा हात मंदावला की जोडप्याच्या विटा कमी पडतात, उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीही त्याच मालकाकडे यावं लागतं. नाव एका गावात नोंदवलेलं, अंगणवाडीची पाकिटं त्या गावात, बाई भट्टीवर. या जोडप्याला ‘दर महिन्याला थोडे बाजूला टाका’ असं सांगणाऱ्याने आधी विचारावं, की बाजूला टाकायला महिन्याचा पगार असतो कुठे? इथे उपाय बचतीचा नाहीच. गरोदर बाईचं नाव भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीत वर्ग झालं पाहिजे, आणि तिच्या वाट्याच्या विटा उचलीतून वजा झाल्या पाहिजेत. पावसाळ्यातल्या भुकेमुळे उचल घ्यावी लागते, हे ओळखून कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कर्जतच्या आदिवासी भागात धान्य बँका चालवल्या होत्या. सावकाराऐवजी वाडीच्याच कोठारातून भात उसना मिळायचा. गरोदरपणाची तयारी म्हणतात ती मला अशा कामात दिसते.

राहता राहिला सगळ्यात कठोर आक्षेप: ऐपत नसेल तर मूल जन्माला घालू नये. तो सुशिक्षित घरांतून येतो आणि त्याला जबाबदारीचं नाव दिलं जातं. हा नियम लावला तर या पट्ट्यातल्या शेतमजुरांनी, हेल्परांनी, मोलकरणींनी कधीच आईबाप होऊ नये, आणि त्यांच्या श्रमावर चालणाऱ्या फार्महाउसांत, कारखान्यांत पुढच्या पिढीचे हात मात्र यावेत, असा त्याचा अर्थ होतो. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हाही खर्चाचाच मुद्दा पुढे झाला होता. डॉ. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना आईला बाळंतपणाच्या आगेमागे विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, अशी मांडणी केली. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षांनी गिरणीच्या जागी कंत्राटदार आला आणि बाई कायद्याबाहेर राहिली, एवढाच फरक. खरं तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेली कंत्राटी बाईसुद्धा 26 आठवड्यांच्या रजेची हक्कदार आहे. रसायनीच्या किती कंत्राटदारांनी ती दिली, हे कामगार खात्याने तपासायला हवं. नोंदणी केलेल्या बांधकाम मजूर बाईला राज्याचं कल्याणकारी मंडळ साध्या बाळंतपणाला 15,000 आणि शस्त्रक्रियेला 20,000 रुपये देतं, पण त्यासाठी वर्षातल्या 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, आणि तो देणारा ठेकेदार बाई गरोदर आहे कळताच तिला कामावरून काढतो.

सरकारनेही वस्तूंचा मार्ग आधी धरला. 2019 मध्ये महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या स्त्रियांना सुमारे 2,000 रुपयांची बेबी केअर किट द्यायला सुरुवात झाली. तिच्या समर्थनात फिनलंडचं उदाहरण दिलं जातं. तिथे 1938 पासून गरीब आणि 1949 पासून सगळ्या मातांना बाळाच्या कपड्यांचं खोकं मिळतं. पण त्या खोक्यासाठी चौथा महिना संपायच्या आत तपासणीला जावं लागतं, खोक्याऐवजी रोख पैसे घेण्याची मुभा आहे, आणि ते मिळतं तिथे आईला रजेचा पगारही मिळतो. आपण खोकं घेतलं आणि रजा सोडून दिली.

रजेचा पैसा कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांसाठी एक जागा गावातच आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. लोधिवली, चौक, मोहोपाड्याच्या पट्ट्यात कारखाने आणि बंगले यांची घरपट्टी येते; डोंगराळ तालुक्यांतल्या पंचायतींपेक्षा इथे ही रक्कम मोठी असते. ती अनेक ठिकाणी शिलाई यंत्रं आणि एखाद्या शिबिरावर संपते. ग्रामसभेत ठराव करून तिच्यातून पहिलटकरणीला सातव्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला मजुरीचा काही भाग, डोंगरावरच्या वाडीतून आठवडाभर आधी खाली उतरून राहण्याचा खर्च आणि तपासणीच्या दिवसाचं रिक्षाभाडं देता येईल. अशा ठरावासाठी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. गावात वर्षाला किती पहिली बाळंतपणं होतात, त्याचा आकडा आशाताईच्या वहीत आहे. पुढच्या ग्रामसभेला ती वही आणि पंचायतीचा जमाखर्च शेजारी शेजारी ठेवून बसावं.